ओडेसाबाईंचं पुढचं दार

पुढच्या दाराची घंटा वाजवलीत ना? नवखे सगळे तेच करतात. आमच्या या गल्लीत येणंजाणं मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं. चाळीस वर्षांपूर्वी मी क्लीव्हलँडला आले, तेव्हा मीही अशीच ताटकळले होते. शेजारच्या लर्लीनबाईंनी मला आत घेतलं आणि ही हकीकत सांगितली.

पूर्वी इथं घर गोऱ्यांनाच मिळे. खरेदीखतातच अट असायची, काळ्या माणसानं राहायचं तर नोकर म्हणून. अमेरिकेला नावं ठेवू नका. आपल्याही गावांना वेस होती, आणि फ्लॅट दाखवण्याआधी आडनाव अजून विचारतातच.

शिवणकाम करणारी ओडेसा आणि तिचा नवरा रूफस, दोघंही काळी. त्यांना त्या कोपऱ्यावरचं घर हवं होतं. विनिफ्रेड नावाच्या गोऱ्या शिक्षिकेनं ते त्यांच्यासाठी स्वतःच्या नावावर घेतलं आणि वरच्या खोलीत राहायला आली. गल्लीच्या लेखी ती मालकीण, ही दोघं तिची गडीमाणसं. ओडेसा एप्रन बांधून मागच्या दारानं ये-जा करी. स्वतःच्याच घरात मोलकरीण. घर टिकवायचं तर दुसरा इलाज नव्हता.

अशी वर्षं गेली आणि रूफस वारला. मागचं दार इतकं अरुंद, की शवपेटी उभी करूनच काढावी लागणार होती. विनिफ्रेड म्हणाली, "पुढून नेलंस तर घर तुमचं हे सगळ्यांना कळेल. घर जाईल."

ओडेसा म्हणे पेटीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. जन्मभर तो मागून आला. आज पुढून जाईल."

तिनं एप्रन सोडला, पुढचं दार सताड उघडलं आणि पेटीच्या पुढं चालू लागली. पडद्यांआडून गल्लीनं पाहिलं.

गल्लीनं दावा लावला, कोर्टकचेरी झाली, ओडेसाला घर सोडावं लागलं. त्यानंतर ते दार चौकटीत बसेना, सुतारांनी हात टेकले, असं सांगतात. माझ्या मते लाकूड फुगलं असेल, पण लर्लीनबाईंपुढं तसं बोलायची माझी छाती नव्हती.

पुढं कायदा बदलला, काळी कुटुंबं आली. ओडेसा जिथून वावरली तिथूनच आपण वावरायचं, पुढचं दार फक्त माणूस शेवटचा निघताना उघडायचं, असं त्यांनी ठरवलं.

आजही तसंच चालतं. मी मात्र स्वतःला बाहेरचीच समजत होते. गेल्या हिवाळ्यात आमचे हे घरातच वारले. न्यायला येणारी गाडी मी मागच्या दाराशी बोलावली होती. शेजाऱ्यांनी ती परस्पर पुढं वळवली, आणि माझं पुढचं दार उघडून धरलं.