अनंताने बूड टेकवलं

झाडांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची गोष्ट. गोदूमावशीच्या परसात, विहिरीपाशी, अनंताचं बारमाही हिरवं झुडूप एका कुंडीत वाढत होतं. कळ्या धरल्या रे धरल्या की त्याची भुणभुण सुरू व्हायची, "मावशी, मला पुढच्या दारी ने ना! इथे मागे कोण बघतंय मला?"

भोळी मावशी कुंडी उचलून पुढे न्यायची. तिथे ऊन लागलं की अनंताला ओटी हवी, ओटीवर वारा लागला की पायरी. या मिरवणुकीत कळ्या पिवळ्या पडून गळायच्या, आणि रुसलेला अनंत पुन्हा विहिरीपाशी यायचा.

तिथला म्हातारा बेडूक एकदा वैतागलाच. "अरे बाबा, बूड टेकव की कुठेतरी! तू इथे पोचतोस, पण तुझी मुळं अजून वाटेतच असतात."

अनंताला राग आला. पण तोही आता दमला होता. त्या वर्षी तो गप्प बसून राहिला. विहिरीची ओल लागली आणि कुंडीच्या भोकातून एक मूळ हळूच जमिनीत उतरलं.

लेकीच्या केळवणाच्या सकाळी मावशी मागे आली, तर झुडूप पांढऱ्या फुलांनी भरलेलं. हरखून तिने कुंडी उचलायला घेतली. कुंडी तसूभर हलेना.

"चल की रे! पाहुणे यायचेत."

"मावशी, मी इथेच बरा आहे गं."

मावशीने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. वास घेतला. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, पाट इकडे विहिरीपाशी मांडा सगळे!"