विडा तोंडात, ठेका मांडीवर

“म्हणजे चुकलं कोण, सर? मी की कवी?”

विश्वंभर खोडके विचारत होता खरा, पण उत्तर तो घरूनच ठरवून आला होता. कवीच चुकला होता.

उद्या त्याचं इंग्रजी छंदावर डेमो लेक्चर. प्राचार्य मागच्या बाकावर बसणार, आणि तास जमला तरच कॉलेजातली नोकरी पक्की. म्हणून स्वारी जुन्या गुरूंच्या ओट्यावर येऊन ठेपली. गुरू म्हणजे निसळ सर. जन्मभर इंग्रजी शिकवली, आता त्याच जोमानं पान खात बसलेले.

विश्वंभरनं ओळ म्हटली. द सिटी स्लेप्ट बिसाइड द सी. म्हणजे समुद्राकाठी शहर झोपलं. एक हलका, एक जड, असा ठेका ओळभर चालायला हवा, एवढं त्याला पाठ होतं. मग आपलं मराठी वृत्त मोजतात तसं त्यानं मोजलं. ‘द’ ऱ्हस्व, म्हणून हलका. पुढे जड हवा, तर तिथे ‘सि’, तोही ऱ्हस्वच. आणि हलका हवा तिथे चांगला लांबलचक ‘टी’. सापडला साहेब. उद्या ही चूक तो फळ्यावर मांडणार होता.

मान ताठ होती, पण सरांचा होकार ऐकल्याशिवाय तो उठणार नव्हता. भाषा साहेबाची, छंद साहेबाचा, आणि चूक सापडली कोणाला, तर खोडक्यांच्या विशूला...

सर बोलणार कसे? तोंडात पिंकेचं तळं. हनुवटी वर करून त्यांनी आत आवाज दिला, “म हम् म हम्?”

“गाळतेच आहे चहा,” काकू आतून म्हणाल्या.

विश्वंभरला यात काही विशेष वाटलं नाही. फार शिकलं की असं होतं.

सरांनी एक भलाथोरला विडा लावला आणि शिष्याच्या तोंडात कोंबला. खुणेनं बजावलं, गिळायचं नाही, थुंकायचं नाही, ओळ म्हणायची.

बिचारा सुपारीलाही शिवत नसे. डोळ्यांत पाणी आलं.

“म हम्... म हम्...”

सरांनी त्याचा हात धरून त्याच्याच मांडीवर आपटला. पुन्हा.

“म हम् म हम् म हम् म हम्.”

आता हात आपसूक पडू लागला. तोंडात अक्षर म्हणून उरलं नव्हतं, ऱ्हस्व नाही की दीर्घ नाही. तरी ‘सि’च्या जागी हात दणकन पडत होता. ‘टी’च्या जागी नुसता वर उचलला जात होता.

तो थांबला. पुन्हा म्हणून पाहिलं...

इंग्रजीत अक्षर जड ठरतं ते लांबीनं नव्हे, उच्चारातल्या जोरानं. साहेब चुकला नव्हता, चुकला होता विशू, आणि ही गोष्ट अजून प्राचार्यांना कळलेली नव्हती.

विश्वंभर असा काही खदखदून हसला की पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ आला. डेमोचा शर्ट होता तो. त्याला पर्वा नव्हती.

काकूंनी चहा आणला. तोंड भरलेले दोघे समोरासमोर डोलताना पाहून त्यांनी कप ठेवले आणि त्या तशाच आत गेल्या.

चहा निवत चालला, तरी विश्वंभर थुंकायला उठेना. दोन्ही हातांनी गाल धरून बसला. एवढ्या मुश्किलीनं सापडलेला ठेका, तोंड मोकळं केलं आणि गेला तर?

सर उठले, अंगणाच्या कडेला जाऊन पिंक टाकून आले, आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले.

“थुंक, विशू. जाईल ते पानच जाईल.”