येतो आणि आलो

स्मार्टफोन नवेनवे होते तेव्हाची गोष्ट. बसच्या वेळा सांगणाऱ्या एका ॲपमध्ये एक वाटाड्या राहायचा. कुणी गावाचं नाव दाबलं, की त्या गावाच्या पानाचं दार तो उघडायचा. पानावरच्या वेळा मात्र निरोप्या दूरच्या सर्व्हरवरून आणायचा.

निरोप्या पडला संस्कारी. निघताना 'जातो' म्हणू नये, म्हणून 'येतो' म्हणायचा. वाटाड्याला वाटायचं, आलाच! तो लगेच दार उघडायचा.

एकदा लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या कोंडाबाईंनी तिच्या गावाचं नाव दाबलं. पान कोरंच उघडलं. "आज गाडी नाही वाटतं," म्हणत त्या माघारी वळल्या, आणि मागून गाडी निघून गेली.

"अरे, मी नुसतं येतो म्हणालो होतो!" धापा टाकत परतलेला निरोप्या म्हणाला.

वाटाड्या स्वतःवरच चिडला. "यापुढे तू 'येतो' म्हणालास की दारावर 'थांबा, आणतोय' अशी पाटी. दार उघडेल ते 'आलो' ऐकल्यावरच."

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईंनी पाटी बघून बोटानं दार बडवबडव बडवलं. वाटाड्या हलला नाही. "आलो!" ऐकू आलं, तेव्हाच दार उघडलं. वेळ दिसली, गाडी मिळाली.

पायरी चढताना कोंडाबाई फोनला म्हणाल्या, "येते रे बाबा."

वाटाड्यानं हात जोडले. दाराला मात्र हात लावला नाही.