अध्यक्षांचे पाच नियम

चिंचेवाडीच्या शाळेत एकदा संस्थेचे अध्यक्ष गजाननराव खर्डेकर आले. कविता म्हणजे वेळेची नासाडी, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी मुलांना पटांगणात बसवले आणि शिस्तीचे पाच नियम पाऊण तास समजावून सांगितले. पाचवा नियम असा, की उद्यापासून कवितेचा तास बंद आणि शाळेत कुणी कविता म्हणायची नाही.

"आता सांगा पाहू, नियम कोणते?" त्यांनी विचारले.

दीडशे मुलांपैकी एकालाही एकही नियम सांगता येईना. अध्यक्ष संतापले.

तेव्हा मराठीच्या शेवंताबाई उठल्या. "साहेब, मला दहा मिनिटं द्या."

बाईंनी पाचही नियम यमकात बसवले, त्यांना चाल लावली आणि दोनदा म्हणून दाखवले. तिसऱ्या खेपेला सारी शाळा टाळ्यांच्या ठेक्यावर ते म्हणू लागली. पाचवा नियम तर सगळ्यांत मोठ्याने.

"वा! हे रोज म्हणून घ्या," अध्यक्ष खूश होऊन म्हणाले.

"घेतलं असतं, साहेब. पण ही कविता आहे. पाचव्या नियमात बसत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "चारच नियम ठेवा."