उधळीची खिंड

ही समोरची अरुंद वाट म्हणजे उधळीची खिंड. गुरं बिथरून सैरावैरा धावली की आमच्याकडे 'उधळ झाली' म्हणतात. आता बाजारात माणसांची पळापळ झाली तरी हाच शब्द तोंडात येतो. पण तो या खिंडीला चिकटला, त्यामागं सटवा हलगीवाला आहे, असं जुनी माणसं सांगतात.

तेव्हा म्हणे दोन वर्षं पाऊस नव्हता. खिंडीखालच्या तळ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं. अशात थावरू नाईकाचा लमाण तांडा मिठाच्या गोण्या लादलेले तीनशे बैल घेऊन खिंडीच्या वरच्या तोंडाशी आला. नाईकानं पागोटं काढून हात जोडले.

"पाटील, आम्हाला नको. मुक्या जिवांना तेवढं पाजू द्या."

केरोजी पाटील म्हणाला, "आल्या वाटेनं फिरा. आमच्या पाण्याला तुमचं तोंड लागायचं नाही."

तांडा हलेना, तेव्हा पाटलानं सटवाला पुढं बोलावलं. "वाजव. बिथरली की मागं पळतील."

सटवाचा हात उठेना. "धनी, पाण्याचा वास लागलाय त्यांना. मागं नाही जायची, खाली येतील. तळ्यावर बायका आहेत."

"वाजवणं तुझं काम. अक्कल माझ्याकडं आहे."

गावकीच्या भाकरीवर जगणारा माणूस तो. सटवानं हलगीवर काडी मारली.

बैल एकदम उसळले. थावरू नाईक हात पसरून आडवा झाला आणि पहिल्याच लोंढ्यात पायांखाली गेला. पाटील कपारीत चढला. खाली तळ्यावर नऊ बायका तुडवल्या गेल्या. त्यांत पाटलाची सून होती आणि सटवाची बायको कोंडाईही. चिखलातून तिला ओढून काढताना तिच्या मुठीत घागरीचा काठ तसाच होता म्हणे.

नाईकाची बायको धेनी तळ्याशी आली. कोणीतरी भीतभीत तिच्यापुढं तांब्या धरला. तिनं तो जमिनीवर ओतला. "आता तुम्हीच प्या," एवढंच बोलली.

तेराव्यानंतर चावडीत पाटील म्हणाला, "देवीचा कोप झाला. खिंडीला देवीचं नाव देऊ."

सटवा पायरीखालून उठला. "कोप कसला? उधळ झाली. तुम्ही करवली, मी केली. उधळीचीच खिंड ती."

पाटलानं त्याला गावाबाहेर काढला. सटवा मग बाजारोबाजार हिंडला. कुठला, म्हणून कुणी विचारलं की सांगायचा, "उधळीच्या खिंडीखालचा," आणि मग सगळं सांगत बसायचा, स्वतःचा हातसुद्धा न वगळता. पाटलानं खिंडीत देवी बसवली, दगडावर नावही कोरलं. ते नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही.

आजही लमाण या वाटेनं जातात. भर उन्हात, घसा कोरडा असला तरी आमच्या तळ्याकडं मान वळवत नाहीत. आम्ही बोलावत नाही, असं नाही. पण ते थांबत नाहीत.