मिशीचं वळण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा रस्ते मातीचे होते आणि पाखरांना माणसांशी बोलायला सवड होती.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथून बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर एक वळण होतं. पावसाळा सरत आला की वळणाच्या दोन्ही बाजूंना माणूसभर उंच गवत उभं राही. वारा आला की सगळी वाट झोपेत कूस बदलल्यासारखी हलायची. गवतावर चतुर तरंगत आणि खाली पिवळी फुलं डुलत. पलीकडून येणारी गाडी मात्र दिसत नसे. नुसती घुंगरं ऐकू येत.

एकदा वारा उलटा होता, म्हणून घुंगरंही ऐकू आली नाहीत. पाटलांची नात पाण्याची कळशी घेऊन वळली आणि समोरून गाडी आली. पोर वाचली, पण पाऊल चाकाखाली सापडलं. तेव्हापासून ती लंगडत चाले, आणि वळण जवळ आलं की आजोबांचं बोट घट्ट धरी.

तिने असं बोट धरलं की पाटलांच्या काळजात कुसळ रुते. एक दिवस ते म्हणाले, “या वाटेला गवताची काडी ठेवणार नाही!”

धुक्याच्या एका सकाळी ते विळा घेऊन निघाले. गवत वाटेवर टाकलं की गाडीत भरायला सोपं, म्हणून त्यांनी शेताच्या बाजूने सुरुवात केली आणि कापत कापत वाटेकडे सरकले. आत लपलेले जीवही त्यांच्या पुढे पुढे सरकत गेले. शेवटचा पट्टा उरला तेव्हा धुक्यातून ससे, मुंगूस, लावी पक्षीण आणि तिची पिल्लं एकदम वाटेवर आली.

नेमकी तेव्हाच गाडी येत होती. बैल बुजले. गाडी चरात कलंडली.

“वा, पाटील!” गाडीवान अंगावरचा चिखल झटकत म्हणाला. “गवतातून वाचलो, तर तुमच्या विळ्यानं गाठलं!”

कलंडलेल्या चाकाला लागूनच लावी पंख पसरून बसली होती. पंखांखाली पिल्लं होती.

“पाटीलबाबा,” ती म्हणाली, “वाटेकडून आत कापत गेला असतात, तर आम्ही शेतात पळालो असतो. तुम्ही तर आम्हाला चाकाखालीच हाकललंत.”

“आणि माझ्या नातीचं पाऊल?” पाटलांनी विचारलं. “गवत ठेवू, आणि तिला पुन्हा गाडीखाली जाऊ देऊ?”

दोघांचंही खरं होतं.

तेवढ्यात नात न्याहारी घेऊन आली. तिने कलंडलेली गाडी पाहिली, पिल्लं पाहिली आणि मग बराच वेळ आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“आबा, न्हावी तुमचे गाल गुळगुळीत करतो. मग मिशी का ठेवतो?”

“हात तर लावू दे त्याला माझ्या मिशीला!”

“मग वाटेचेही गालच करा ना. मिशी राहू द्या.”

गाडीवान चरातच खो खो हसत सुटला. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि विळा उचलून पलीकडच्या कडेला गेले. या वेळी त्यांनी वाटेकडून आत कापलं, तेही वळणापलीकडचं दिसेल एवढंच. मागचं गवत उभं राहिलं. पिल्लं उडू लागेपर्यंत आणि बी झडेपर्यंत त्याला विळा लावायचा नाही, असं गावाने ठरवलं.

पुढच्या वर्षी धुकं विरता विरता आजोबा आणि नात वळणावर आले. लांबूनच बैलांची शिंगं दिसली. गाडीवानाने हात वर केला. दोघं कडेला थांबली, गाडी घुंगरं वाजवत निघून गेली. मागच्या उंच गवतात लावी पिल्लांना साद घालत होती.

नातीने आजोबांचं बोट सोडलं आणि ती एकटीच पुढे चालू लागली.

म्हणून सांगते, आपली वाट मोकळी करावी, पण दुसऱ्याचं घर राखून.