काठावरून पाहिलेला खळाळ

डोंगा वल्हवायला शिकणाऱ्याच्या हाती पहिले वल्हे देण्याआधी त्या गावात एक नियम सांगितला जाई : खळाळ काठावरून पाहायचा नाही. या नियमाला एक शेपूट होते, आणि तेही तितक्याच गांभीर्याने सांगितले जाई. का पाहायचा नाही, हे विचारायचे नाही.

गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात होते. वरच्या अंगाला नदी संथ, गायीच्या डोळ्यांसारखी शांत. गावाखाली मात्र ती एकाएकी आक्रसून जाई आणि कातळांच्या पायऱ्यांवरून उसळत सपाटीकडे धाव घेई. या खळाळातून माणसे आणि माल सुखरूप खाली पोचवणे हा गावाचा पिढीजात धंदा. एकाच झाडाचे खोड पोखरून केलेला लांबट डोंगा, पुढे एक वल्हेकरी, मागे एक. मागचा तो मुख्य. दिशा त्याच्या हाती आणि बसणाऱ्यांचे प्राणही. खाली पोचले की डोंगा खांद्यावर घ्यायचा आणि डोंगरामागच्या रानवाटेने परतायचे. त्यामुळे उभा जन्म खळाळात घालवलेल्या माणसानेही तो कधी निवांत उभा राहून पाहिलेला नसे. डोंग्यातून दिसेल तेवढाच दिसे, आणि तोही तोंडावर पाण्याचे सपकारे बसत असताना.

वाट मात्र सर्वांना पाठ होती. कोणता कातळ डावीकडे टाकायचा, कुठे वल्हे आवरायचे, कुठे जीव खाऊन मारायचे, हे पणजोबांच्या काळापासून ठरलेले. अधूनमधून एखादा डोंगा खाली पोचत नसे. मग वडीलधारे मान हलवून म्हणत, मन डळमळले असणार. बुडालेला माणूस उलट उत्तर द्यायला येत नाही. त्यामुळे हे निदान कधीच खोटे ठरले नव्हते.

त्या गावात एक वृद्ध नावाडी होते. सगळे त्यांना आजा म्हणत. त्यांच्याइतके पाणी कोणालाच कळत नाही, असा लौकिक होता आणि तो खराही होता. त्यांची शिष्या वैजू. आई-बाप लहानपणीच गेलेली ही मुलगी आजांच्या अंगणात वाढली आणि डोंग्यात मोठी झाली. तिच्या मनगटात आजांचा हात उतरला होता, असे जुने लोक म्हणत, जरी ते म्हणताना त्यांचा चेहरा फारसा प्रसन्न नसे. त्या वर्षी आजांनी जाहीर केले की पावसाळ्यानंतरच्या पहिल्या डोंग्यात मागे वैजू बसेल. ज्या मुलीने इतकी वर्षे याच एका गोष्टीची वाट पाहिली होती, तिला त्या दिवशी जेवण गेले नाही.

पाणी उतरू लागले तसा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन गावात आला. आईला खालच्या गावी लेकीकडे जायचे होते. गुडघे धरलेले असल्यामुळे डोंगर चढणे तिच्या आवाक्यातले नव्हते. गावाने दोघांना ठेवून घेतले आणि रीतीप्रमाणे प्रवासाची आखणी करायला वडीलधारे आजांच्या अंगणात जमले.

आखणी म्हणजे एक सोहळाच असे. अंगणात राखेने नदी काढायची, तीत कातळांच्या जागी गोटे मांडायचे आणि मागे बसणाऱ्याने काठीच्या टोकाने ठरलेली वाट न चुकता काढून दाखवायची. वैजूने ती एका दमात काढली. पहिला कातळ डावीकडे, मग मधल्या धारेत, मग एकदम डाव्या कडेला चिकटून शेवटचा उतार. आजांच्या डोळ्यांत समाधान दिसले. हरबाजी नावाचे पंचांतले एक गृहस्थ होते, त्यांच्या जिभेला काटा होता. त्यांनीसुद्धा "पोरीनं पाठांतर बरं केलंय" एवढे म्हणून घेतले.

व्यापारी हे सारे कौतुकाने पाहत होता. त्याने अगदी सहज विचारले, यंदा पाणी कसे आहे, कोणी पाहून आले का?

अंगणात हशा पिकला. हरबाजी म्हणाले, "शेटजी, आमच्यात नवरी बघायला जातात, नदी बघायला जात नाहीत."

सगळे पुन्हा हसले. व्यापारी ओशाळला. त्याची आई मात्र हसली नाही. ती वैजूकडे पाहत म्हणाली, "नवरी न बघता केली तर फार तर संसार बुडतो, बाई. मला पोहता येत नाही."

वैजूही हसली नव्हती. समोरच्या गोट्यांकडे पाहताना तिला पहिल्यांदाच जाणवले, की हे गोटे पणजोबांनी पाहिलेले कातळ आहेत. तिने स्वतः त्यांतला एकही कधी धड पाहिलेला नाही. आणि उद्या त्या म्हातारीचा जीव आपण या गोट्यांच्या भरवशावर पाण्यात सोडणार आहोत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती काठाकाठाने खाली गेली.

तिकडे पाऊलवाट नव्हती, कारण तिकडे कोणी जातच नसे. करवंदीच्या जाळ्यांतून अंग ओरबाडत ती शेवटच्या उतारावरच्या कड्यावर पोचली आणि पहिल्यांदा खळाळ अख्खा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिला वाटले होते त्याहून तो मोठा होता. तिचे हात थरथरू लागले. वडीलधारे म्हणत तसे आपलेही मन डळमळले, असे क्षणभर तिच्या मनात आले आणि तिला लाज वाटली. ती एका दगडावर बसून राहिली. हात थरथरायचे थांबल्यावर पुन्हा पाहू लागली.

तेव्हा तिला ते झाड दिसले. यंदाच्या पुरात वरून कुठूनसा एक प्रचंड अर्जुनवृक्ष मुळांसकट वाहत आला होता आणि डाव्या कडेच्या दोन कातळांत आडवा अडकला होता. उताराच्या अगदी पायथ्याशी. वरून येणाऱ्या डोंग्यातून तो दिसणे शक्यच नव्हते; दिसला असता तो आपटण्याआधीच्या क्षणी. पाणी त्याच्या फांद्यांखालून सहज निघून जात होते. पाण्याचे ठीक आहे, तिने मनाशी म्हटले, पाण्याला श्वास घ्यावा लागत नाही.

पळसाची पाने खुडून तिने काटक्यांनी टाचून द्रोण केले आणि कड्याच्या वरच्या बाजूला जाऊन एकेक पाण्यात सोडले. डाव्या धारेत सोडलेला प्रत्येक द्रोण झाडाखाली गेला तो बाहेर आलाच नाही. उजवीकडे, जिथे राखेच्या नदीत "जायचं नाही" म्हणून आडवी काडी ठेवत, तिथे पुराने वाळूचा बांध फोडून मोकळी धार केली होती. तिथले द्रोण भोवऱ्यात गिरकी घेत, कलंडत आणि खालच्या डोहात तरंगत वर येत.

ती गावात परतली तेव्हा अंगावर ओरखडे होते आणि लपवण्याची तिची इच्छा नव्हती. तिने आजांना सगळे सांगितले. कड्यावर उभी राहिले, हात थरथरले, झाड पाहिले, उजव्या अंगाने वाट आहे.  आजांनी पंचांना बोलावणे धाडले.

अंगण पुन्हा भरले. या वेळी कोणी हसत नव्हते. व्यापारी आणि त्याची आई ओसरीवर बसली होती. पंच काय काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. असल्या वेळी सगळीकडची मोठी माणसे जे बोलतात तेच. दोन बुके शिकली म्हणून. पोरीच्या जातीला मागे बसवले म्हणून. झाडाविषयी कोणी एक शब्द विचारला नाही. झाड हा प्रश्नच नव्हता. ती तिथे गेली हा प्रश्न होता. शेवटी ठरले ते असे : वैजूने नदीची क्षमा मागावी, जे पाहिले ते मनातून पुसावे आणि ठरलेल्या वाटेनेच डोंगा न्यावा. हे मान्य नसेल तर वल्हे खाली ठेवावे आणि पुन्हा कधी हाती घेऊ नये.

वैजूने आजांकडे पाहिले. आजा उठले. त्यांनी गोठ्यातून एक लांब फळी आणली, अंगणात जमिनीवर टाकली आणि म्हणाले, "चाल यावरून."

वैजू चालत गेली आणि परत आली.

मग त्यांनी फळी उचलली, खालून-वरून हात फिरवला, टोकांवर बोटांनी टकटक केली, दोन दगडांवर टेकवून वर उभे राहून अंगाचा भार देऊन पाहिला. आणि ती नेऊन अंगणाच्या कडेच्या विहिरीच्या तोंडावर आडवी ठेवली. विहीर खोल होती, पाणी तळाशी काळे दिसत होते.

"आता चाल."

वैजूने पाऊल टाकले. दुसऱ्या पावलाला गुडघा हलला. ती थांबली, खाली पाहिले, मग वल्ह्यासकट हात पसरून सावकाश पलीकडे गेली.

आजा पंचांकडे न पाहता तिच्याशीच बोलले. त्यांचा आवाज मायेचा होता, आणि म्हणूनच अंगणात सगळ्यांना तो पटला. "फळी तीच, पोरी. पायही तेच. अंगणात तू सहज चाललीस, इथे अडखळलीस. का? खाली काय आहे ते दिसलं म्हणून. संकटाचं दर्शन झालं की शरीर त्या दर्शनाच्या अधीन होतं. खळाळात एका श्वासाची चूक पुरते. म्हणून आपल्या वडिलांनी न पाहण्याचा नियम केला. तो अज्ञानासाठी नाही, स्थैर्यासाठी आहे."

पंचांनी माना डोलावल्या. दृष्टांत झाला होता, अर्थ सांगून झाला होता. अशा जागी शिष्याने गुरूच्या पायावर डोके ठेवायचे असते.

वैजू विहिरीच्या पलीकडेच उभी राहिली.

"आजा," ती म्हणाली, "विहिरीवर ठेवण्याआधी तुम्ही फळीवरून हात का फिरवलात?"

आजा गोंधळले. सवयीने, असे काहीसे ते म्हणाले.

"वाळवी लागलीय का पाहायला. मग वर उभे राहिलात, माझं वजन पेलेल का पाहायला. मी विहिरीत पडू नये म्हणून तुम्ही आधी सगळं पाहिलंत, डोळ्यांनी आणि हातांनी. न पाहता मला वर चढवलं नाहीत. कारण मी तुमची आहे." तिने ओसरीकडे बोट केले. "आणि या आजी कुणाच्या आहेत?"

हरबाजी उसळून म्हणाले, "जीभ आवर. दौलत आठव. आजांचा पोटचा पोरगा. त्याच्याइतका हात गावात कुणाचा नव्हता. मन डळमळलं आणि गेला. तुझं तर आधीच डळमळलंय, हात थरथरले म्हणून तूच सांगितलंस."

दौलतचे नाव त्या अंगणात बरीच वर्षे कोणी घेतले नव्हते. आजांनी विहिरीच्या काठाला हात टेकला.

"थरथरले," वैजू म्हणाली. "काठावर थरथरले. डोंग्यात थरथरले असते तर या आजी मेल्या असत्या. मी भीती काठावर बसून भोगली, म्हणून मला उजवी धार दिसली." मग तिचा आवाज खाली आला. "दौलतदादाचं मन डळमळलं हे कुणी पाहिलं, हरबाजीकाका? डोंग्यात तुम्ही होतात? त्याच्या वाटेत काय आडवं आलं होतं, ते कोणी जाऊन बघितलं? त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही. तुम्ही त्याच्या मनाला दोष दिलात, कारण त्यासाठी कड्यापर्यंत चालावं लागत नाही."

कोणीतरी म्हणाले, गुरूसमोर असे बोलतात का. कोणीतरी म्हणाले, वल्हे ठेव म्हणावे तिला, हा विषय संपवा. वल्हे तिच्या हातातच होते. गावात परतल्यापासून ते तिने खाली ठेवले नव्हते. हरबाजी पुढे झाले आणि त्यांनी हात पसरला.

वैजू फळीवरून अलीकडे आली. या वेळी तिचा पाय हलला नाही. तिने मुद्दाम खाली पाहत ती ओलांडली. हरबाजींच्या पसरलेल्या हातासमोर ती उभी राहिली.

"वल्हं देणार नाही," ती म्हणाली. "ते मला आजांनी शिकवून दिलंय, पंचांनी नाही. नदीची क्षमा मागणार नाही. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तिचा काही अपराध केला नाही. आणि डाव्या कडेनं डोंगा नेणार नाही. आज नाही, तुम्ही मला गावाबाहेर काढलंत तरी नाही. आजींना मी उजव्या धारेनं नेईन. ज्याला वाटतं मी चूक आहे, त्यानं माझ्याबरोबर कड्यावर यावं आणि ते झाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मग सांगावं की ते तिथे नाही. चला. कोण येतं?"

 हरबाजींनी आजांकडे पाहिले. आजा विहिरीच्या काठाला धरून उभे होते, बोटे फळीच्या कडेवर होती आणि नजर खाली, नदीच्या दिशेला, जिकडे ते कधीच चालत गेले नव्हते.

हरबाजींचा पसरलेला हात हळूहळू खाली आला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग एकमेकांकडे पाहणेही सोडले. अंगण भरलेले होते, आणि तिची वाट अडवायला कोणीही पुढे झाले नाही.